आधी जोर, मग व्ही आणि डब्ल्यू

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, एका गावी, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. या वर्षी आमच्या आठवीतल्या एका मुलीने तालुकास्तरीय इंग्रजी भाषण स्पर्धेत भाग घेतला. विषय शेती आणि पाणी हा होता. भाषण तिचे तोंडपाठ होते आणि ती कुठेही अडखळली नाही, पण परीक्षकांनी ‘उच्चार फार ग्रामीण आहेत’ एवढेच सांगितले. तेव्हापासून ती वर्गात इंग्रजी बोलायला तयार नाही. मी तिच्याकडून व्ही-डब्ल्यू, एस-झेड हे उच्चार घोटून घेते आहे. पण एका प्रशिक्षणात साधनव्यक्तींनी सांगितले की खरी गोष्ट सिलॅबल आणि स्ट्रेस, म्हणजे जोर, ही आहे, आणि तेवढ्यात वेळ संपला. तिच्या भाषणातले एक वाक्य देते : ‘इरिगेशन इज इम्पॉर्टंट फॉर द डेव्हलपमेंट ऑफ ॲग्रिकल्चर.’ ‘माय फादर पिक्ड कॉटन’ हे ती ‘पिकेड कॉटन’ असे म्हणते. शाळेत नेटवर्क धड नसते. सिलॅबल मोजायचे कसे, जोर कुठे द्यायचा याचा काही नियम आहे का, आणि हे मुलांना शिकवायचे कसे? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमच्या साधनव्यक्तींनी सांगितले ते बरोबर आहे, फक्त ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकण्यासारखे नव्हते. परीक्षकांच्या शेऱ्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. ज्या शेऱ्यातून काय सुधारायचे हे मुलीला कळत नाही, तो शेरा परीक्षणाच्या काहीही कामाचा नाही. शिवाय तो चुकीचाही आहे. आपल्याकडची मुले ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘केळं’चे ‘केयं’ करतात आणि त्यावरून शहरात त्यांची थट्टा होते. पण इंग्रजीत ण नाही आणि ळही नाही, त्यामुळे वऱ्हाडी वळणाच्या या दोन प्रसिद्ध खुणा इंग्रजी बोलताना कुठे आड येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तुमच्या विद्यार्थिनीला जी अडचण येते आहे तीच नागपूरच्या किंवा पुण्याच्या मराठी मुलाला येते, आणि तिचे मूळ गावात नसून आपण मराठी माणसे शब्दाचे तुकडे कसे पाडतो आणि त्यांना वजन कसे वाटून देतो यात आहे.

सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती बांधला गेलेला उच्चाराचा तुकडा. तो कानाने मोजायचा असतो, लिहिलेल्या अक्षरांवरून नव्हे, आणि हे आपल्याला अपरिचित नाही. आपण ‘नागपूर’ चार अक्षरांत लिहितो आणि बोलतो मात्र ‘नाग्-पूर्’ असे दोन तुकड्यांत. ‘यवतमाळ’ लिहायला पाच अक्षरे लागतात, पण तोंडातून ‘य-वत्-माळ्’ असे तीनच तुकडे बाहेर पडतात. वर्गात सुरुवात इथूनच करा, कारण लिहिणे वेगळे आणि बोलणे वेगळे ही गोष्ट मुलांना स्वतःच्या भाषेत आधी पटली की इंग्रजीत तिचे ओझे वाटत नाही. ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे आहेत आणि सिलॅबल एकच आहे. ‘एरिया’च्या स्पेलिंगमध्ये चारच अक्षरे आहेत आणि सिलॅबल तीन आहेत. मोजायला हात हनुवटीखाली धरायला सांगा. स्वर आला की हनुवटी खाली येते, त्यामुळे नुसत्या टाळ्यांपेक्षा ही मोजणी अधिक भरवशाची ठरते. टाळी मुले अक्षरागणिक वाजवतात.

आपल्या चुका या मोजणीत दोन बाजूंनी होतात. एक म्हणजे नसलेले सिलॅबल घालणे. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’, ‘ग्लास’चा ‘गिलास’, ‘फिल्म’चे ‘फिलिम’ हे सगळे एका तुकड्याचे दोन करण्याचे प्रकार आहेत, आणि तुमच्या विद्यार्थिनीचे ‘पिकेड’ही त्याच जातीचे आहे. भूतकाळाच्या ई-डीचा नियम मात्र इतका नेमका आहे की तो एका तासात शिकवून होतो : मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी ट किंवा ड असेल तरच ई-डीचे वेगळे सिलॅबल होते, एरवी होत नाही. म्हणून ‘प्लांटेड’ दोन सिलॅबलचा, ‘हार्वेस्टेड’ तीनचा, पण ‘पिक्ड’ एकाचाच आणि त्याचा उच्चार ‘पिक्ट’, ‘प्लाउड’ही एकाचाच. ‘विकेड’, ‘नेकेड’ यांसारखी काही विशेषणे या नियमाबाहेर राहतात, पण आठवीच्या वर्गाला त्यांची घाई नाही. अनेकवचनाचे तसेच आहे. शब्दाचा शेवट स, झ, श, च किंवा ज अशा ध्वनीने होत असेल तर ई-एसचे नवे सिलॅबल होते, म्हणून ‘बस’ एकाची आणि ‘बसेस’ दोनांची, ‘ऑरेंज’ दोनांचा आणि ‘ऑरेंजेस’ तीनांचा. ‘फार्मर्स’मध्ये मात्र ‘फार्मर’इतकीच दोन. संत्र्याच्या भागातल्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर लिहून देण्याचीही गरज पडू नये.

दुसरी बाजू म्हणजे इंग्रज ज्यांना गिळून टाकतात ती सिलॅबल आपण इमानेइतबारे उच्चारतो. ‘व्हेजिटेबल’ हा शब्द ते ‘वेज्-ट-बल’ असा तीन तुकड्यांत म्हणतात, ‘वेन्झडे’ दोन तुकड्यांत, ‘कम्फर्टेबल’ बहुधा तीन तुकड्यांत. इथे नियम शोधत बसू नका. असे शब्द थोडे आहेत आणि ते एकेक करून कानावर घालावे लागतात.

आता जोराकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथे आहे. इंग्रजीत दोन किंवा अधिक सिलॅबलच्या प्रत्येक शब्दात एक सिलॅबल बाकीच्यांहून ठळक असते. ठळक म्हणजे केवळ मोठ्या आवाजातले नव्हे. ते थोडे लांबते, त्याचा सूर सहसा वर चढतो, आवाज किंचित वाढतो, आणि त्यातला स्वर पूर्णपणे उच्चारला जातो. मुलांना ‘जोर द्या’ असे सांगितले की ती ओरडतात, आणि ओरडताना सगळीच सिलॅबल मोठी करतात. म्हणून माझा आग्रह असा की शिकवताना उलट्या बाजूने जावे : एका सिलॅबलवर जोर देणे म्हणजे मुख्यतः बाकीच्यांचा जोर काढून घेणे. मराठीत आपण वाक्यातल्या हव्या त्या शब्दावर जोर देतो, ‘मीच सांगितलं होतं’ असे ठासून म्हणतो. पण शब्दाच्या आत सगळे तुकडे साधारण सारख्या वजनाने बोलतो आणि त्यामुळे अर्थाला काही बाधा येत नाही. ही समान वाटणी इंग्रजीत नेली की शब्दाची ओळख पुसली जाते.

बाकीच्यांचा जोर काढून घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? बहुतेक वेळा त्यांचे स्वर आखडून ‘अ’ किंवा ऱ्हस्व ‘इ’ होऊ द्यायचे. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हा आखडलेला ‘अ’च आहे, आणि स्पेलिंगमध्ये तो ए, ई, ओ, यू यांपैकी कोणत्याही वेषात येतो. आपल्याला एक सोय आहे, ती अशी की मराठीतला ‘अ’ या ध्वनीच्या अगदी जवळचा आहे. म्हणजे हा ध्वनी मुलांच्या तोंडात आधीच बसलेला आहे, फक्त इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना आपण स्पेलिंग पाहून ए, ऑ, ओ लिहितो आणि मग लिहिल्याप्रमाणे वाचतो. ‘डेव्हलपमेंट’ असे वहीत एकदा लिहिले गेले की पहिला ‘डे’ आणि शेवटचा ‘मेंट’ दोन्ही भरीव होतात. प्रत्यक्षात तो शब्द ‘डि-वे-लप्-मन्ट’ असा आहे : चार सिलॅबल, दुसरे ठळक, आणि बाकीच्या तिन्हींमध्ये एक ‘इ’ व दोन ‘अ’. ‘पोलिस’ हा ‘प-लीस’, ‘ऑफिशियल’ हा ‘अ-फि-शल’, ‘कॉम्प्युटर’ हा ‘कम्-प्यू-टर’. ‘सर्टिफिकेट’ तर आपल्या तहसील कार्यालयांत दिवसभर ऐकू येतो, त्यातला शेवटचा ‘केट’ इंग्रजीत ‘कट’ इतका बारीक होतो आणि जोर दुसऱ्या सिलॅबलवर, ‘टि’वर पडतो. नाम आणि विशेषणातला ए-टी-ई असा बारीक, क्रियापदातला मात्र भरीव : ‘सेपरेट’ म्हणजे वेगळा असे विशेषण असेल तर ‘सेप्रट’, वेगळे करणे असे क्रियापद असेल तर शेवटी स्वच्छ ‘रेट’.

हे इतके महत्त्वाचे का, असे तुमच्या मुख्याध्यापकांनी विचारले तर त्यांना ऐकणाऱ्याच्या बाजूने समजावून सांगा. बोलताना शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते, ती फक्त कागदावर असते. ऐकणाऱ्याला सलग आवाजातून शब्द सोडवून घ्यावे लागतात. ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस या मानसभाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये असे मांडले की इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा कान भरीव स्वराचे सिलॅबल आले की तिथे नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो, कारण त्या भाषेतले बहुसंख्य अर्थवाही शब्द तशाच सिलॅबलने सुरू होतात. अशा कानावर सगळीच भरीव सिलॅबल पडली, तर त्याला प्रत्येक ठिकाणी शब्द सुरू झाल्यासारखा वाटतो आणि दोन वाक्यांतच तो दमतो. व्हीऐवजी डब्ल्यू आला तर तो संदर्भाने सावरून घेतो. जोर भलत्या ठिकाणी पडला तर तो दुसराच शब्द शोधू लागतो. म्हणून तुमचा क्रम बदला असे मी म्हणतो आहे. व्ही-डब्ल्यू आणि एस-झेड शिकवू नका असे नाही, पण ती कामे सहा महिन्यांनी केली तरी चालतील.

नियम आहेत का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आहेत, पण ते सगळे एका मुळातून आलेले नाहीत, आणि यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत जोर साधारणपणे मूळ धातूच्या पहिल्या सिलॅबलवर असे. ‘वॉटर’, ‘फादर’, ‘हार्वेस्ट’ हे त्या घराण्यातले शब्द आजही तसेच आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच आणि पुढे लॅटिन-ग्रीक शब्दांचा मोठा लोंढा भाषेत आला आणि त्यांच्याबरोबर शेवटच्या प्रत्ययाकडे पाहून जोर ठरवण्याची रीतही आली. सरकारी, शास्त्रीय आणि पुस्तकी शब्द बहुतेक या दुसऱ्या घराण्यातले आहेत, म्हणजे भाषण स्पर्धेत मुले जे शब्द मुद्दाम पेरतात नेमके तेच.

त्यामुळे लांब शब्द आला की शेवटाकडे पाहायला शिकवा. शेवट ‘शन’ असा होत असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर : इ-रि-गे-शन मध्ये ‘गे’, ए-ज्यु-के-शन मध्ये ‘के’, प-लू-शन मध्ये ‘लू’. हा नियम इतका पक्का आहे की मुलांना अपवाद शोधायला सांगून पाहा, हाती फारसे काही लागणार नाही. शेवट ‘इक’ असेल तरीही आधीचे सिलॅबल : इ-लेक्-ट्रिक, ऑर्-गॅ-निक, ई-क-नॉ-मिक. यात मात्र ‘पॉलिटिक्स’, ‘अरॅबिक’ असे शब्द वेगळे वागतात, त्यांचा जोर पहिल्यावर असतो. शेवट ‘इटी’, ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘क्रसी’ असेल तर शेवटून तिसऱ्यावर : इ-लेक्-ट्रि-सि-टी, टेक्-नॉ-ल-जी, जि-ऑ-ग्र-फी, डि-मॉ-क्र-सी. आणि ‘इअर’सारखा शेवट स्वतःच जोर ओढून घेतो : ‘एन्-जि-नीअर’, ‘वॉ-लन्-टीअर’. ‘ट्रेनी’, ‘रेफरी’ यांतल्या दोन ई असलेल्या शेवटाचेही तसेच आहे, पण गावोगावी स्थापन होणारी ‘कमिटी’ नेमकी अपवाद आहे, तिच्यात जोर ‘मि’वर आहे. याउलट ‘नेस’, ‘फुल’, ‘ली’ हे प्रत्यय कुणाच्या अध्यात-मध्यात नसतात, मूळ शब्दाचा जोर जिथे होता तिथेच राहतो. ‘मेंट’ही बहुधा तसाच वागतो, म्हणून ‘डेव्हलप’ कळला की ‘डेव्हलपमेंट’ कळतो.

प्रत्ययामुळे जोर सरकतो ही गोष्ट मुलांना एकदा प्रत्यक्ष ऐकवावी. ‘फोटोग्राफ’ मध्ये तो पहिल्या सिलॅबलवर आहे, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर सरकला की मागे राहिलेला स्वर लगेच आखडतो. त्यामुळे दुसऱ्या शब्दाची सुरुवात ‘फो’ अशी न राहता ‘फ-टॉ-ग्र-फर’ अशी होते. शेतीतले उदाहरण हवे असेल तर ‘पेस्टिसाइड’चा जोर पहिल्यावर आणि ‘इन्सेक्टिसाइड’चा दुसऱ्यावर आहे. कृषी सेवा केंद्रातल्या रिकाम्या डब्यांवर आणि खोक्यांवर असे शब्द भरपूर मिळतील, पण ते मुलांना गोळा करायला सांगू नका. ते डबे विषारी असतात. शब्द तुम्हीच लिहून आणा.

दोन सिलॅबलच्या शब्दांचा साधा कल असा की नामाचा जोर पहिल्यावर पडतो : कॉटन, मार्केट, व्हिलेज, ट्रॅक्टर. क्रियापदांत तो बऱ्याचदा दुसऱ्यावर असतो : बिगिन, फरगेट, डिसाइड. काही शब्द तर दोन्ही कामे करतात आणि काम बदलले की जोर बदलतात. शेतमाल या अर्थाचे ‘प्रोड्यूस’ हे नाम ‘प्रॉ-ड्यूस’ असे पहिल्यावर जोर घेऊन येते, आणि उत्पादन करणे हे क्रियापद ‘प्र-ड्यूस’ असे दुसऱ्यावर; ‘एक्स्पोर्ट’, ‘रेकॉर्ड’, ‘ऑब्जेक्ट’ यांचेही असेच. मात्र ‘रिपोर्ट’ आणि ‘कंट्रोल’ दोन्ही अर्थांनी दुसऱ्यावरच राहतात, ‘आन्सर’ आणि ‘व्हिजिट’ दोन्ही अर्थांनी पहिल्यावर, म्हणून हा कल आहे, कायदा नव्हे. जोडशब्द असेल तर बहुधा पहिल्या शब्दावर जोर : ब्लॅकबोर्ड, बस स्टॉप, पोस्ट ऑफिस. आणि आकड्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण बाजार समितीत त्याला पैशाचे मोल आहे : ‘फिफ्टी’चा जोर पहिल्यावर, ‘फिफ्टीन’ एकटा आला की शेवटच्या ‘टीन’वर. ‘किती क्विंटल?’ याला उत्तर म्हणून नुसता आकडा आला, तर पंधरा की पन्नास याचा शेवटचा न नीट ऐकू आला नाही तरी जोरावरून उलगडा होतो.

आता तुम्ही पाठवलेले वाक्य घेऊ. त्यात एकूण एकोणीस सिलॅबल आहेत आणि त्यांपैकी ठळक करायची फक्त चार : इरिगेशनमधले ‘गे’, इम्पॉर्टंटमधले ‘पॉर’, डेव्हलपमेंटमधले ‘वे’ आणि ॲग्रिकल्चरमधले ‘ॲग’. बाकीची पंधरा त्या चारांच्या आधाराने पटापट निघून जायला हवीत. ‘इज’, ‘फॉर’, ‘द’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द तर जवळजवळ पुसले जातात. ‘फॉर द’ हे ‘फर द’ होते आणि ‘ऑफ’चा ‘अव्’ होऊन तो आधीच्या शब्दाला चिकटतो. तुमच्या मुली पोळ्याला झडत्या, म्हणजे त्या सणाची लोककवने, ऐकत मोठ्या झाल्या आहेत. झडती म्हणणारा आधीचे शब्द भराभर ओढून नेतो आणि शेवटच्या ‘महादेव’वर कसा येऊन ठाकतो हे त्यांना सांगावे लागणार नाही. इंग्रजी वाक्याची चाल साधारण त्या धर्तीची आहे. केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये भाषांची अशी विभागणी केली होती की काहींची लय जोराच्या ठोक्यांवर चालते आणि काहींची सिलॅबलागणिक. पुढे उपकरणांनी मोजमाप केल्यावर ठोक्यांमधली अंतरे काटेकोर सारखी नसतात असे आढळले, पण शिकवण्यापुरता हा भेद आजही उपयोगी पडतो.

वर्गातल्या कामाबद्दल. शब्दाच्या खाली ठिपके काढा, प्रत्येक सिलॅबलला एक, आणि जोराचा ठिपका मोठा. ‘डेव्हलपमेंट’खाली लहान, मोठा, लहान, लहान. मग शब्द न म्हणता फक्त त्याची चाल म्हणायला लावा, ‘ड-डाऽ-ड-ड’, आणि ती तोंडात बसली की तिच्यावर शब्द ठेवा. जोराच्या जागी दोन बोटांत धरलेला रबरबँड ताणायला सांगितला तर लांबवणे म्हणजे काय हे मुलांच्या हाताला कळते आणि ओरडणे आपोआप कमी होते. परिपाठात रोज एका शब्दाला जागा द्या. शब्द पाठ्यपुस्तकातले घेण्यापेक्षा गावात रोज वापरात असलेले घ्या : सबसिडी, फर्टिलायझर, हायब्रिड, मॉइश्चर, इन्शुरन्स. पहिल्या चारांत जोर पहिल्यावर आहे आणि शेवटच्यात दुसऱ्यावर, हे मुलांनाच शोधून काढू द्या. मुले वहीत इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहितात, ती सवय मोडू नका, ती त्यांचा आधार आहे. फक्त जोराचे सिलॅबल अधोरेखित करायला आणि बाकीच्या ठिकाणी शक्य तिथे ‘अ’ लिहायला शिकवा. आणि मराठी बोलताना ‘हॉटेल’ किंवा ‘कमिटी’ आपल्या पद्धतीने म्हटले तर त्यांना टोकू नका. ते आता मराठी शब्द आहेत.

नेटवर्कची अडचण तितकी मोठी नाही. विद्यार्थ्यांसाठीचा कोणताही चांगला छापील इंग्रजी-इंग्रजी कोश उच्चार देतो, आणि त्यात जोराच्या सिलॅबलच्या आधी, वरच्या अंगाला, एक छोटी उभी रेघ असते; खालच्या अंगाला तशीच रेघ असली तर तो दुय्यम, हलका जोर. उच्चाराची बाकी चिन्हे वाचता आली नाहीत तरी ही एक रेघ ओळखता आली की निम्मे काम झाले. बऱ्याच इंग्रजी-मराठी कोशांत उच्चार देवनागरीत दिलेला असतो पण जोराची खूण नसते, त्यामुळे या कामासाठी ते पुरे पडत नाहीत. मोबाइलमध्ये नेटशिवाय चालणारा, आवाज ऐकवणारा कोश गावात रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवा. ऐकताना एक लक्षात असू द्या की ब्रिटिश आणि अमेरिकन जोर काही शब्दांत वेगळा असतो. ‘लॅबोरेटरी’ ब्रिटिश लोक दुसऱ्या सिलॅबलवर जोर देऊन म्हणतात आणि अमेरिकन पहिल्यावर, ‘ॲडव्हर्टाइजमेंट’ ब्रिटिश दुसऱ्यावर आणि अमेरिकन बहुधा तिसऱ्यावर. दोन्ही बरोबर. तुम्ही एक धरा आणि वर्गात तेच चालवा.

तुमच्या स्वतःच्या मराठी माध्यमाबद्दल तुम्ही जरा संकोचाने लिहिले आहे, त्याचे मला कारण दिसत नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. आज जे अनुभवी शिक्षक आहेत त्यांतले बहुतेक पाचवीत इंग्रजीची बाराखडी गिरवलेलेच आहेत. जोर ही गोष्ट कोशात पाहून खात्री करता येते, त्यासाठी इंग्रजी वातावरणात वाढावे लागत नाही. तुमचा र, तुमचा ट आणि ड भारतीय राहिले तरी काही बिघडत नाही, आणि मुलांना अमेरिकन ढंगाने जीभ वळवायला तर मुळीच शिकवू नका. त्या प्रयत्नात वेग वाढतो आणि होता तो जोरही हरवतो.

राहिली ती मुलगी. तिला लगेच बोलायला लावू नका. तिचे भाषण तिला पाठ आहे, म्हणजे त्यातले शब्द तिच्याइतके वर्गात कुणालाच जवळचे नाहीत. तेव्हा ते भाषण फळ्यावर दोन-दोन ओळी करून लिहा, कोश तिच्या हाती द्या आणि ठिपके काढण्याचे काम तिच्याकडे सोपवा. बाकीच्यांनी तिने काढलेल्या ठिपक्यांप्रमाणे वाचायचे आणि चुकले की तिने थांबवायचे. दुसऱ्याला थांबवताना तिला शब्द स्वतः म्हणून दाखवावाच लागेल, आणि तो ती बरोबर जोराने म्हणेल. मग कधीतरी तिची हरकत नसेल तेव्हा तेच भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि ते ऐकताना कागदावरच्या ठिपक्यांशी ताडून कुठला मोठा ठिपका लहान राहिला आणि कुठला लहान ठिपका उगाच मोठा झाला, हे तिचे तिलाच लिहून काढू द्या.